१ एप्रिल १९५७ आमच्याकडे उजाडलाच नाही

संपादक महोदय,
स. न.

कालच्या अंकातला कुळकायद्यावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, माझीच नजर चुकली. 'आपल्या भागातली कुळं १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमिनीची मालक झाली', असं त्यात छापलंय. कुठल्या भागातली? लेख बेळगावच्या पानावर, फोटो इथल्याच भातशेतीचा आणि तारीख महाराष्ट्राची. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सकाळी पहिलं काम हे पत्र लिहायचं केलं.

मुंबई राज्याचा १९४८ चा कुळकायदा आम्हालाही लागू होता, हे खरं. १९५६ च्या दुरुस्तीप्रमाणे कसणारं कूळ १ एप्रिल १९५७ ला मालक ठरायचं होतं. पण मध्ये १ नोव्हेंबर १९५६ आला. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि ठरलेला दिवस यायच्या आधीच म्हैसूर सरकारनं ती कलमं स्थगित केली. पाच महिन्यांनी हुकलं. आपण १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो. मीही दरवर्षी पाळते. भाषेचं दुःख तिथं सगळे बोलतात. त्या तारखेनं कुळांच्या जमिनीचं काय झालं, हे मी एकाही भाषणात ऐकलेलं नाही आणि आता तुमच्या पेपरातही ते पुसलं गेलं, याचा मला फार राग आला आहे.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, अगदी हद्दीवर. आईचं माहेर चंदगड तालुक्यात, डोंगराच्या पलीकडे. १९५६ पर्यंत चंदगडही बेळगाव जिल्ह्यातच होतं, मग ते कोल्हापूरकडे गेलं. माझे मामा आणि माझे बाबा, दोघेही कुळं. दोघांच्याही मालकाला सुगीनंतर भाताची पोती पोचवायची. मामांनी जमिनीची किंमत हप्त्यानं भरली, त्यांना ३२ म चा, म्हणजे कुळानं जमीन विकत घेतल्याचा, दाखला मिळाला आणि सातबारावर नाव लागलं. बाबा तेव्हाही पोतीच पोचवत होते, आणि पुढची सतरा वर्षं पोचवत राहिले. दिवाळीला मामाकडे गेलं की मामी म्हणायची, आमच्या शेतातले पोहे. आई काही बोलायची नाही.

इकडे १९६१ चा जमीन सुधारणा कायदा झाला, तो अमलात आला २ ऑक्टोबर १९६५ ला, आणि त्यातही मालकाला स्वतः कसायच्या नावावर जमीन परत मागायची सोय होती. कुळाच्या हातात खरं काही पडलं ते मुख्यमंत्री देवराज अरसांच्या सरकारनं कायदा बदलला तेव्हा. १ मार्च १९७४ पासून कुळांकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या. कुळानं जमीन आपल्या नावावर मागायचा अर्ज, फॉर्म नंबर सात, भरायचा आणि जमिनीच्या ट्रिब्यूनलसमोर उभं राहायचं. अर्जाची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. त्या कायद्यानं पुष्कळ घरं उभी राहिली, आमचंही अर्धं राहिलं. म्हणून अरसांचं नाव मी आदरानंच घेते.

अर्धंच का, तेही लिहिते. बाबांनी दोन हिश्शांसाठी अर्ज केला होता. नोटीस कन्नडमध्ये आली. बाबा मराठी चौथी शिकलेले. शाळेत कन्नड विषय होता म्हणून ती मी वाचून दाखवली, आणि म्हणूनच सुनावणीला त्यांनी मला बरोबर नेलं. मी सोळा वर्षांची होते. एका सदस्यानं जमिनीची चतुःसीमा विचारली. बाबांनी दोन्ही हिश्शांची सांगितली. पूर्वेला ओढा, दक्षिणेला कोणाचा बांध, खालच्या खाचरात पाणी कुठून शिरतं आणि तिथं रोप लावण आठ दिवस उशिरा का करावी लागते, इथपर्यंत. मालकाच्या मुलाला विचारलं, तर तो हातातल्या कागदात बघायला लागला. मला वाटलं, झालं, जिंकलो.

मग पहाणी, म्हणजे कुठल्या जमिनीत कोण कसतो त्याची सरकारी नोंद, काढली. एका हिश्शाला बाबांचं नाव होतं. दुसऱ्याला ओळीनं कित्येक वर्षं 'खुद्द', म्हणजे मालक स्वतः कसतो. पीकपाणी लिहायला तलाठी बांधावर कधी आलाच नव्हता, मालकाच्या ओसरीवर बसून ते लिहिलं गेलं होतं. 'खंडाची पावती आहे का?' असं विचारलं. पोती घेऊन पावती कोण देत होतं? पहिल्या हिश्शाला फॉर्म दहा, म्हणजे जमीन नावावर झाल्याचा दाखला, मिळाला, दुसऱ्याचा अर्ज नामंजूर झाला. एक एकर बारा गुंठे. वर कोर्टात जायला पैसा नव्हता. त्या वर्षी त्या खाचरात आम्ही लावलेलं भात कापून दिलं आणि बाहेर पडलो. ते रोप आईनं आणि मी लावलं होतं. आमची नावं तर कुठल्याच रकान्यात नव्हती.

लेखाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की कसेल त्याची जमीन हे काम केव्हाच पूर्ण झालं, आता खरेदी-विक्री मोकळी झाली हे बरंच आहे. २०२० मध्ये कर्नाटकानं ७९ अ आणि ७९ ब ही कलमं काढून टाकली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. आमचा तो एक एकर बारा गुंठे त्यानंतर विकला गेला. घेणारा कधी चिखलात उतरलेला नाही. आज तिथं तारेचं कुंपण आहे आणि आत कमरेएवढं गवत. माझ्या मुलानं विचारून बघितलं होतं, पण जो दर सांगितला तो भात पिकवून या जन्मात फिटायचा नाही. डोंगरापलीकडे मामेभावाच्या शेजारची जमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय आजही घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बरेच दिवस मनात आहे. रविवारच्या अंकात पानभर प्लॉटच्या जाहिराती असतात. 'हायवेपासून पाच मिनिटं', 'निसर्गाच्या कुशीत'. ती कुणाची तरी खाचरं असतात. जाहिराती घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पेपर चालवायला पैसा लागतो. पण जमीन संपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचं पत्र आलं की ते चार ओळींवर आणता, हे बंद करा. तिबार पीक देणाऱ्या जमिनीसाठी हलगा-मच्छे बायपासच्या कामासमोर माणसं उभी राहिली, त्यांचं म्हणणं पूर्ण छापलं जावं एवढा तरी त्यांचा हक्क आहे.

लेखातल्या तारखेची दुरुस्ती पहिल्या पानावर नको, त्याच पानावर छापा, पण 'बेळगाव, १९५६ नंतर' असं स्पष्ट लिहून छापा. शाळेतली मुलं तुमची कात्रणं वहीत चिकटवतात.

मामांचा ३२ म चा दाखला मामेभावाकडून मागवून घेतला होता. त्याची आणि बाबांचा अर्ज नामंजूर झाल्याच्या निकालाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. परत पाठवायची गरज नाही.

आपली एक जुनी वाचक,
ता. बेळगाव
(नाव छापू नये)