हनुमाननगरच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी हातात आली. आता वर्षभराची इंटर्नशिप झाली की कायमची. पेढे घेऊन आलो तेव्हा घरी बसवून शिकवल्याबद्दल तुम्ही आभार मानूच दिले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून एमबीबीएस होऊन आलेल्या पोराला नागपुरात दोनच गोष्टी विचारतात : खर्च किती आला आणि एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांना इथे द्यावी लागणारी परीक्षा, निघाली का? कागदावर परीक्षा सोपी दिसते. 300 प्रश्न, 150 बरोबर आले की पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. तरी जून असो की डिसेंबर, निम्म्याहून जास्त मुलं लटकतात. आम्ही मित्र मिळून परीक्षेलाच शिव्या द्यायचो. तुम्ही एवढंच विचारलंत, “तिकडं साप चावलेले पेशंट किती पाहिलेस रे?” एकही नाही.

मग तुमच्या जेवणाच्या टेबलावर टेस्ट ट्यूब आली. 2 मिली ताजं रक्त, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग हळूच तिरपी करून बघायची. गोठलं नसेल तर सापाचं विष रक्तात भिनलंय, अँटिव्हेनम म्हणजे विषावरचं औषध द्यायचं. नळी काचेचीच, कोरडी, साबणानं धुतलेली नको. “आणि गोठलं म्हणून निर्धास्त राहू नको. मण्यारीचं विष रक्ताला हात लावत नाही, नसांवर जातं. पापण्या मिटायला लागल्यात का बघ.” गाइडमध्ये हे एका ओळीत उरकलेलं असतं. तुमच्याकडे त्या ओळीत धानाच्या बांधीतून रात्री उचलून आणलेला माणूस दिसायचा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. सोल्युबिलिटी ही पहिली साधी तपासणी पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण ते कळत नाही, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी एचपीएलसी करावी लागते. विदर्भात राहून हे येत नसेल तर परवाना कशाला हवा, असं तुम्ही तोंडावर म्हणालात. लागलं, पण खोटं नव्हतं. (पास झालेल्यांना इंटर्नशिपच्या जागेसाठी ताटकळत ठेवणं मात्र मला अजून पटत नाही. तुम्हालाही पटत नाही, हे ठाऊक आहे.)

फीचा विषय काढला की तुम्ही चहा ठेवायला उठायच्या. आता आणखी एक त्रास देतो. आमच्या गल्लीतली मुलगी बाहेर शिकायला निघाली आहे. परत येऊन भारतात परवाना हवा तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे किमान 54 महिन्यांचा कोर्स, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत वर्षाची इंटर्नशिप आणि त्या देशातही प्रॅक्टिस करता येईल अशी पदवी लागते. एजंट त्यातलं सोयीचं तेवढंच सांगतोय. रविवारी तिला आईबाबांसकट घेऊन येतो. पैसे अजून भरलेले नाहीत.

तुमचा विद्यार्थी