अव्याला पत्र : बारा सिलिंडर आणि रिसेलचा हिशेब

कोथरूड, पुणे
2 मार्च

प्रिय अव्या,

तुझं पत्र काल रात्री वाचलं, आज सकाळी पुन्हा वाचलं. पन्नाशीला बारा सिलिंडरची फेरारी घ्यायचीच, हे तू शेवटी ठरवलंस याचा मला किती आनंद झाला ते कळायला तू समोर हवा होतास. पण पहिलं पान गाडीचं आणि पुढची तीन पानं रिसेलची, हे काही पटलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

तुझं म्हणणं थोडक्यात असं : 550 मारानेलो घ्यावी, कारण तिची किंमत चढतेय. 612 स्कालिएत्ती आवडते, पण ती भाव पडलेली गाडी आहे, उद्या विकायला गेलो तर गिऱ्हाईक मिळणार नाही. माझं मत नेमकं उलट आहे. तू 612 घे.

आधी किमतीचंच बोलू. बारा सिलिंडर आहेत म्हणून गाडीची किंमत टिकते हा समज मनातून काढून टाक. तू कॉव्हेंट्रीत राहतोस, तिथेच 1971 ते 1997 जग्वारचं व्ही-12 इंजिन बनत होतं. त्या इंजिनाच्या एक्सजे-एस किती वर्षं मातीमोल भावात फिरत होत्या हे तू मला स्वतः दाखवलं आहेस. बीएमडब्ल्यूची 850आय घे, मर्सिडीजची एस 600 घे, इंजिनं एकाहून एक, पण दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत येताना भाव कुठल्या कुठे गेलेला. किंमत धरून ठेवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. गाड्या किती बनल्या, गिअर हाताने टाकायचा आहे की नाही, आणि ‘ही शेवटची’ असं लोकांना वाटतंय का. फेरारीचीच 599 जीटीबी बघ. तीच गाडी, तेच सहा लिटरचं इंजिन, पण हातगिअरच्या मोजक्याच निघाल्या, तर तिला पॅडलवालीच्या, म्हणजे स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलायच्या गाडीच्या, कित्येक पट भाव. त्याच मॉडेलची 599 जीटीओ त्यांनी 599च बनवली, आणि तिलाही साध्या 599 पेक्षा कितीतरी जास्त भाव. लॅम्बोर्गिनीच्या मुर्सिएलागोतही तेच. लोक पैसे मोजतात ते लोखंडी खाचांतून खटकन सरकणाऱ्या दांडीला.

550 ला हे सगळं लागू आहे, मान्य. 1996 ची रचना, पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स, सहा गिअर, सगळे हाताने टाकायचे. 2010 च्या सुमारास इंग्लंडात ती 50 हजार पौंडांच्या आसपास मिळायची तेव्हा आपण नुसते फोटो बघत बसलो. आज ती लाखाच्या वर आहे. म्हणजे जी चढ व्हायची ती बरीचशी होऊन गेली आहे, आणि तू आता शिखराजवळ उभा राहून जिना विचारतो आहेस.

आणि भाव उतरतही नाहीत असं नाही. ऑगस्ट 1988 मध्ये कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले आणि जी झुंबड उडाली ती आठव. फेरारीच्या नव्या टेस्टारोसासाठी लोक कंपनीच्या किमतीच्या कितीतरी वर पैसे देत होते, नुसती नोंदणीची जागासुद्धा विकली जात होती. 1990 नंतर सगळं कोसळलं. ज्यांनी चालवायला घेतल्या होत्या त्यांच्याकडे निदान गाडी उरली. ज्यांनी विकायला घेतल्या होत्या त्यांच्याकडे कर्ज उरलं. तू साठच्या दशकातल्या फेरारी 250 जीटीओचं उदाहरण दिलंस. 2018 मध्ये एक 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली हे खरं, पण तशा 36 गाड्या आहेत आणि तो बाजार तुझा-माझा नाही.

आता नोव्हेंबरात आपण बघितलेली ती करडी 550 आठव. पंचवीस-सव्वीस वर्षांत 14 हजार मैल. विकणारा ते रनिंग किती अभिमानाने सांगत होता! मी वाकून टायरवरचा शिक्का वाचला : 3211. म्हणजे 2011 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेले टायर. चौदा वर्षांचं रबर, वरून नव्यासारखं, आतून दगड. जे टायरचं, तेच ऑइल सीलचं, होजपाइपचं, टायमिंग बेल्टचं. बेल्ट चालून झिजतो तसा उभा राहूनही म्हातारा होतो, आणि तुटला तर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. त्या माणसाने गाडी जपली नाही रे, त्याने आकडा जपला. तू ती घेतलीस तर तुलाही तेच करावं लागेल. दर रविवारी किल्ली हातात घ्यायची आणि मनात हिशेब : आज ऐंशी मैल गेलो तर भाव किती उतरेल? मला तुझा स्वभाव माहीत आहे. दोन वर्षांत ती गाडी चादरीखाली जाईल.

आपण बारा सिलिंडरच्या नादाला का लागलो ते आठवतंय का? सांगलीला कॉलेजच्या लॅबमध्ये ते एक सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. सुरू केलं की खालचा काँक्रीटचा ओटा हलायचा, भिंतीवरचे तक्ते हलायचे. त्याच दिवशी फळ्यावर सरांनी सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं गणित सोडवून दाखवलं : वर-खाली जाणारे जोर एकमेकांना खोडतात, पुढच्या-मागच्या टोकाला डोलवणारे जोरही खोडतात, शिल्लक जवळजवळ काहीच राहत नाही. आणि व्ही-12 म्हणजे अशा दोन रांगा एकाच क्रँकवर, एका फेरीत सहा स्फोट. ‘मग ते वाजत कसं असेल?’ असं तू मागच्या बाकावरून विचारलंस. तीस वर्षांनी नोव्हेंबरात त्या 612 च्या बॉनेटवर मी तळहात ठेवला तेव्हा तो प्रश्न माझ्या डोक्यात होता. हात हलला नाही. आधी गुरगुर, मग तू पाय दाबलास तसा तो आवाज एकसंध होत गेला, सनईचा सूर चढावा तसा. तू काचेतून माझ्याकडे बघितलंस. त्या क्षणी तुझ्या चेहऱ्यावर रिसेल नव्हता.

आणि ते इंजिन परकं नाही. 550 चंच घराणं, 5474 सीसीचं 5748 झालेलं, 485 ऐवजी 540 अश्वशक्ती. अंग ॲल्युमिनियमचं. दारांवरची ती लांब खोलगट खाच 1954 च्या फेरारी 375 एमएमची आठवण म्हणून आहे, इटालियन दिग्दर्शक रोसेलिनीने आपल्या बायकोसाठी, नटी इन्ग्रिड बर्गमनसाठी करून घेतलेली ती गाडी. शिवाय मागे खऱ्या दोन जागा. 550 घेतलीस तर तू एकटा जाशील, फार तर वहिनी शेजारी. 612 मध्ये सई आणि रोहन मागे बसतील. 2008 मध्ये फेरारीने अशाच दोन 612 मुंबईतून निघून भारतभर फिरवल्या होत्या, सुमारे 11 हजार किलोमीटर, आपल्या रस्त्यांवर. ज्या गाडीने ते सोसलं तिला स्कॉटलंड म्हणजे काहीच नाही.

तिचा भाव पडलेला आहे, हाच तर तिचा गुण. जो पडायचा होता तो भाव पहिल्या दोन मालकांनी भरला. तू मैल टाकलेस तरी आता घसरायला फारसं उरलेलं नाही.

खर्च मात्र लपवत नाही. घेणं सोपं, पोसणं अवघड. पॅडलचा गिअर असला तरी आत क्लच साधाच आहे, गावातल्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरवर रेंगाळत राहिलास तर झिजेल. तो किती उरलाय ते कॉम्प्युटर लावून वाचता येतं. ते वाचल्याशिवाय एक पौंडही देऊ नकोस. बेल्ट कधी बदलला त्याची पावती माग, नुसता सर्व्हिस बुकातला शिक्का नको. लिफ्टवर घेऊन खालून बघ, तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते पोलादी भागांना खातं. बाराही सिलिंडरची लीक टेस्ट, म्हणजे आतला दाब कुठे गळतो का ती तपासणी, करून घे. डॅशबोर्डवरची बटणं चिकट झाली असतील, त्या काळच्या फेरारींचा तो नेहमीचा दोष आहे, त्यावरून थोडा भाव उतरव. आणि वर्षाचा खर्च वेगळ्या खात्यात आधीच काढून ठेव, मुलांच्या फीचे पैसे त्यात मिसळू नकोस.

त्या 612 चं रनिंग 41 हजार मैल आहे, तुला ते जास्त वाटतंय. मला तेच आवडलं. दरवर्षी थोडी थोडी चाललेली, दरवर्षी सर्व्हिसला गेलेली, टायर दोन वर्षांपूर्वीचे. कोणीतरी तिच्यावर जीव लावून चालवली आहे.

मी मे महिन्यात येतोय, तिकीट काढलंय, 9 तारखेचं. तोवर तपासणी करून घे. आणि बघायला जाशील तेव्हा आधी सांगून ठेव की गाडी सुरू करून गरम ठेवू नका. थंड इंजिनच खरं बोलतं. किल्ली फिरवण्याआधी मला फोन लाव आणि फोन सायलेन्सरजवळ धर. इथे कितीही वाजले असले तरी मी उचलीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या