मोडलेल्या रानातील फुटवे

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि पोर्तो रिकोतील एल युंके जंगलाची छायाचित्रे मिळाली. 2017 च्या मारिया वादळात शेंडे गमावलेली खोडे अजून तशीच उभी आहेत, मग तेथे नवी झाडे का लावली नाहीत, हा तुझा प्रश्न मला आवडला. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

वादळाने पाने ओरबाडली म्हणजे झाड मेले, असे सदाहरित रानात होत नाही. 18 सप्टेंबर 1989 रोजी आलेल्या ह्यूगो वादळाने तेथे वर्षभरात गळावा तेवढा पाचोळा एका दिवसात खाली आणला आणि याच रानातील बिस्ले येथील पाणलोटात झाडोऱ्याचे जमिनीवरील वजन निम्म्यावर आले. तरी पाच वर्षांत ते पूर्वीच्या 86 टक्क्यांवर पोहोचले. ही भरपाई मोठ्या प्रमाणात उभ्या राहिलेल्या झाडांनीच केली. ताबोनुको हा तेथील मुख्य वृक्ष आपल्या गुग्गुळाच्या कुळातला. डोंगरधारेवर शेजारशेजारच्या ताबोनुकोंची मुळे एकमेकांत जुळलेली असतात आणि मोडलेल्या खोडालाही धुमारे फुटतात. आपल्या वाडीतली पोफळ निसर्ग वादळात शेंड्याशी मोडली ती संपलीच, कारण तिला वाढीचा कोंब एकच. तेथील डोंगरी ताडांनी मात्र झावळ्या सोडून दिल्या, कोंब वाचवला आणि पुन्हा झावळ्या काढल्या.

झाडांच्या शेंड्यांचे छत उघडले की मातीत पडून असलेले याग्रुमोचे बी उन्हाने जागे होते. पोकळ खोडाचे हे झाड भराभर वाढते, पण पुन्हा दाट सावली झाली की त्याची नवी रोपे तग धरत नाहीत, आणि ती जागा सावलीत वाढणारी रोपे घेतात. संशोधकांनी मुद्दाम काही तुकड्यांत फांद्या छाटून आणि खाली पडलेला पाला कोठे ठेवून, कोठे उचलून पाहिले, तेव्हा जीवसृष्टीत झालेले बहुतेक बदल उघड्या प्रकाशामुळे होतात, तर पडलेला पाला जमिनीला अन्न परत देतो, असे आढळले. म्हणूनच पडझड उचलून सरळ ओळीत रोपे लावणे मला तरी उपद्व्यापच वाटतो.

परंतु हिरवे दिसणे आणि पूर्ववत होणे यांत फरक आहे. मारियाने ह्यूगोच्या सुमारे दुप्पट झाडे मारली, आणि मोडलेल्या खोडांचे प्रमाण तर जातीनुसार 2 ते 12 पट होते. त्यात जड, टणक लाकडाची झाडेही होती. आपल्या चिकूचा भाऊबंद असलेला आउसुबो त्यांतलाच. अशी झाडे हळू वाढतात. पुढचे मोठे वादळ त्यांना वेळ देईल काय, हीच खरी काळजी आहे. पोपटांचे दुःख वेगळेच: ह्यूगोपूर्वी त्या रानात सुमारे 47 पोर्तोरिकन पोपट होते, नंतर जेमतेम 23 उरले, आणि मारियानंतर तेथील रानटी थवा जवळजवळ नाहीसा झाला. ढोलीसाठी जुने झाड लागते, आणि ते पाच वर्षांत तयार होत नाही.

पुन्हा गेलास तर एखाद्या ताबोनुकोच्या बुंध्याशी वाकून पाहा. सालीवर पांढरी राळ सुकलेली दिसेल. तिचा वास कसा आहे ते कळव, आणि फुटवे किती उंच गेले आहेत तेही.

तुझी आई