यादीत अर्थिंग राहिलं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला घरच्या घरी रेकॉर्डिंगवरचा लेख वाचला. त्यातली इंटरफेस (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) नि माइकची यादी खिशात घालून माझा पुतण्या दुकानाच्या खेपा घालायला लागलाय, म्हणून हे पत्र. मी 20 वर्षं गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवली. आता डोंबिवलीत 10 बाय 12च्या खोलीत, शेजारच्या आजी झोपल्या की हेडफोन लावून वाजवतो.

पहिल्या दिवशी गिटार थेट इंटरफेसमध्ये लावली, डिस्टॉर्शन (रॉकमधला खरखरीत, फाटका आवाज) चढवलं, तर डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज! आठवडाभर गिटारलाच दोष देत होतो. आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणतो, त्यातला निम्मा अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) 12 इंची स्पीकरचा असतो. 5,000 हर्ट्झच्या वरचं, म्हणजे कानाला टोचणारं, बरंचसं तो गाळून टाकतो. सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅम्पच्या नंतर कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) जोडला, माशी गेली. तो फुकटही मिळतो. गेन (डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) मात्र स्टेजवरच्या निम्माच ठेवावा. तोच रिफ (गिटारचा छोटा, परत परत येणारा तुकडा) दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकला की भरदार लागतो. कॉपी-पेस्ट करून ते साधत नाही, करून पाहिलंय.

आता अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत सोडणारी वायर. लेखात त्याचं नावही नाही. माझ्या गिटारमधून सतत घरघर यायची. तारांना हात लावला की कमी, सोडला की परत. लॅपटॉपचा चार्जर काढला, थोडी गेली. पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, आणखी थोडी. (मे महिन्यात पंखा बंद करून वाजवणं म्हणजे काय, ते डोंबिवलीकरांना सांगायला नको.) शेवटी वायरमनने बोर्ड उघडला, तर सॉकेटच्या वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकाला वायरच नव्हती. 16 वर्षं आम्ही त्या घरात राहतोय!

घरघर घालवायला प्लगची मोठी, अर्थिंगची पिनच काढून टाकायची, असा उपाय ऑर्केस्ट्रावाल्यांत सर्रास चालायचा. मीही केलाय. एका मंडपात कोरस द्यायला पुढे झालो, माइकला ओठ टेकले आणि असा झटका बसला की पुढचा अंतरा गायकाने एकट्यानेच ओढला. घरीसुद्धा हातात तारा आणि तोंडाशी माइक असतोच की.

पुढच्या लेखात यादीच्या आधी ‘अर्थिंग तपासा’ एवढं छापा. तोवर पुतण्याची खरेदी मी अडवून धरली आहे.

– एक जुना ऑर्केस्ट्रावाला, डोंबिवली (पूर्व)