कलादालनाची फीत कापण्याआधी : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सर जे. जे. अभिमत विद्यापीठाच्या कलादालनासाठी कायम पदं आणि आवर्ती निधी मंजूर करण्याबाबत

महोदय,

१८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला, त्याच आवारातल्या उपयोजित कला आणि वास्तुकला या संस्थांसह, २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्यापीठ म्हटलं की कुलगुरू आले, विद्या परिषद आली, इमारतींचे नकाशे आले. त्या नकाशांत कुठेतरी कलादालनाची चौकट असणार, असं आम्ही धरून चालतो. हे पत्र तेवढ्या चौकटीपुरतं आहे.

दालन बांधायला अनावर्ती निधी लागतो. तो एकदाच द्यायचा असतो आणि त्याचं उद्घाटन होतं, म्हणून तो मिळतो. चालवायला आवर्ती निधी आणि आकृतिबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) बसणारी माणसं लागतात, आणि ती फाइल वित्त विभागात अडकते. मग किल्ली एखाद्या सहायक प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून येते. परीक्षा आल्या की कुलूप लागतं आणि आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले जातात. आम्ही कुठल्या एका संस्थेकडे बोट दाखवत नाही. महाराष्ट्रात मांडणी, फ्रेमिंग, प्रकाशयोजना किंवा जतनाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, अशी दालनं त्याच्या तोंडपाठ असतील.

आधी भिंतीपासून. सार्वजनिक बांधकामाच्या ठरलेल्या पद्धतीत भिंतीला पुट्टी आणि वर चकचकीत ऑइलपेंट लागतो. प्रत्येक दिवा त्या भिंतीत दिसतो. शिवाय विटा-सिमेंटच्या भिंतीत प्रत्येक प्रदर्शनाला ड्रिल मारायचं, नंतर भोकं बुजवायची, असं दोन-तीन वर्षं चाललं की प्लास्टर पोकळ होतं आणि रावळप्लग (स्क्रूसाठी भोकात बसवायची गुटी) धरत नाही. मूळ भिंतीपासून ५० मिलिमीटर पोकळी सोडून चौकटीवर १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर जिप्सम बोर्ड आणि मॅट इमल्शन, एवढं केलं की साधा स्क्रू कुठेही बसतो आणि पावसाळ्यातली ओल चित्राच्या पाठीपर्यंत येत नाही. प्लाय लावण्याआधी वाळवीची प्रक्रिया मात्र करून घ्यावी. मुंबईत ती टाळणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीचं टेंडर आजच काढणं.

दिव्यांचा घोळ याहून मोठा. ट्रॅक (दिवे अडकवायची पट्टी) छताच्या मधोमध बसवला की चित्रासमोर उभ्या माणसाची सावली चित्रावरच पडते. प्रकाश उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांच्या कोनातून यायला हवा. छत ३.६ मीटर आणि चित्राचा मध्य १.५ मीटर उंचीवर धरला तर ट्रॅक भिंतीपासून १.२ मीटरवर येतो. हा आकडा स्लॅबखाली वायरिंगचे पाइप टाकण्याआधी इलेक्ट्रिकल नकाशावर लिहिलेला हवा. फॉल्स सीलिंग झाल्यावर तो सांगून उपयोग नसतो. दिवे ३००० केल्विनचे, ९० किंवा अधिक सीआरआयचे (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) आणि प्रत्येकी मंद करता येणारे असावेत. निविदेत नुसतं ‘एलईडी स्पॉट, १२ वॅट’ लिहिलं की जो येतो त्याखाली हळदी पिवळा आणि गेरू यांत फरक उरत नाही.

मंद करता येणारे का, तर प्रकाशाने होणारं नुकसान साठत जातं. जलरंग, छापचित्रं, छायाचित्रं आणि कागदावरची रेखाटनं यांना ५० लक्स (पडणाऱ्या प्रकाशाचं माप), तैलरंगाला २०० लक्सपर्यंत, ही सर्वमान्य मर्यादा आहे. एखादं जलरंगातलं निसर्गचित्र ५० लक्समध्ये रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस लावलं तर त्याच्यावर १,२०,००० लक्स-तास पडतात. तेच चित्र २०० लक्समध्ये ठेवलं तर तेवढा भार ७५ दिवसांत होतो. म्हणून कागदावरची कामं सहा-आठ आठवडे दाखवून पुढे दोन-तीन वर्षं अंधारात विश्रांतीला ठेवतात. हा हिशेब कुणीतरी वहीत मांडावा लागतो. लक्समीटर काही हजारांत मिळतो. प्रश्न आहे तो हातात धरणारा माणूस कोण, हा.

आता हवा. मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते आणि ६५-७० टक्क्यांच्या वर ती टिकली की बुरशी धरते : आधी माउंटबोर्डच्या (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या) कडांना, मग काचेच्या आतून. वातानुकूलन संध्याकाळी कार्यालयासोबत बंद करून सकाळी सुरू करणं हे वातानुकूलन नसण्यापेक्षा वाईट. कॅनव्हास रोज फुगतो-आकसतो आणि रंगाचा थर तडकतो. रात्री एसी चालवणं परवडत नसेल तर निदान डीह्युमिडिफायर चोवीस तास चालू हवा आणि त्याची पाण्याची नळी थेट गटारात सोडलेली हवी. टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं, आणि रविवारी ती रिकामी करायला कुणी नसतं. प्लास्टरच्या कामांचं दुखणं आणखी वेगळं. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांनी तरुणपणी केलेली ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरची आहे. अशा शिल्पांच्या आत लोखंडी सळ्या असतात, प्लास्टर ओल शोषतं, सळई गंजून फुगते आणि तडा आतून बाहेर येतो. वरून पांढरा रंग मारून तो झाकला जातो. ते करणाऱ्याला वाटतं दुरुस्ती झाली.

आगीबद्दल जे.जे.च्या इतिहासाइतका धडा दुसरीकडे नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग जे.जे.चे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी जे.जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या, आणि त्यांतल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमधल्याच साउथ केन्झिंग्टनच्या आगीत गेल्या. तेव्हा साठवण-खोलीत पाण्याचे फवारे लावायचे की वायूवर चालणारी यंत्रणा, हा निर्णय अग्निशमन ठेकेदारावर सोडू नये. कागद आणि कॅनव्हास पाण्यानेही जातातच.

माणसांकडे येतो. आमची मागणी चार कायम पदांची आहे : एक अभिरक्षक, एक जतन सहायक, एक मांडणी तंत्रज्ञ आणि एक कार्यक्रम समन्वयक. पहारेकरी आणि सफाई यांशिवाय. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर हे काम होत नाही. कारण दुसऱ्या संग्रहालयाकडून चित्र उसनं मागायचं तर पत्रव्यवहार वर्षभर आधी सुरू होतो, आणि देणारा पहिला प्रश्न विचारतो : जबाबदार कोण?

मांडणी तंत्रज्ञाचं पद सगळ्यात आधी कापलं जातं, म्हणून त्याचं काम जरा जवळून सांगतो. चित्र ९० सेंटिमीटर उंच आहे, मध्य १५० वर हवा, मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून १२ सेंटिमीटर खाली येते. हूक कुठे? १५० अधिक ४५ वजा १२, म्हणजे १८३ सेंटिमीटरवर. तार ताणून न मोजता ढिली मोजली की चित्र चार बोटं खाली जातं, आणि रांगेतली पुढची दहा चित्रं त्याच्या मागे जातात. तारेपेक्षा दोन डी-रिंग (फ्रेमच्या पाठीला लावायच्या कड्या) आणि दोन हूक बरे. एका हुकावरचं चित्र सीएसएमटीच्या रहदारीच्या हादऱ्यांनी आठवड्यात तिरकं होतं. बाहेरून आलेली पेटी त्याच दिवशी उघडायची नाही, दालनातल्या हवेत २४ तास बंद ठेवायची. गार गाडीतून दमट हवेत आणून लगेच उघडली तर काचेच्या आत दव धरतं. पेटीला खिळे नकोत, स्क्रूच हवेत, कारण हातोड्याच्या प्रत्येक ठोक्याने सुटा रंग गळतो. उघडल्यावर आधी फोटो, मग चारही कोपरे आणि पाठ तपासून स्थितीनोंद, दोन्ही बाजूंच्या सह्या, आणि मगच भिंत. विमा ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ घ्यायचा, म्हणजे मालकाच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे लागेपर्यंत. नुसत्या वाहतुकीच्या विम्यात दालनातली चोरी किंवा गळती बसत नाही.

आणि खरेदी. सर्वांत कमी दराच्या निविदेत घरसामान हलवणारा टेम्पो येतो. निविदेच्या अटीतच बंद गाडी, १२ मिलिमीटर प्लायची पेटी, आत ५० मिलिमीटर फोम आणि प्रत्येक मोठ्या कामामागे दोन प्रशिक्षित माणसं असं लिहिलं तर कमी दरवालाही चालतो. हूक, टेप, रंगाचा एखादा डबा यांची गरज मांडणीच्या रात्री नऊ वाजता पडते. त्यासाठी तीन दरपत्रकं मागवता येत नाहीत. अभिरक्षकाकडे ५०,००० रुपयांचा स्थायी अग्रिम (किरकोळ खर्चासाठी कायम हाताशी असणारी रक्कम) असावा. प्रदर्शनाचा निधी मार्चअखेरीस न देता एप्रिलमध्ये द्यावा, नाहीतर वर्षभराची प्रदर्शनं पंधरवड्यात ‘खर्ची’ पडतात.

वर्षाचं वेळापत्रक असं बसतं : पाच प्रदर्शनं, प्रत्येकी सहा आठवडे. दोन प्रदर्शनांमध्ये उतरवणं, भिंती दुरुस्त करून रंगवणं, रंगाचा वास जाऊ देणं आणि लावणं यांसाठी दोन आठवडे, असे दहा. उरलेले बारा आठवडे पावसाळ्याचे. त्यात उसनी कामं आणायची नाहीत. स्वतःच्या संग्रहाची नोंदवही, कीड-बुरशीची तपासणी आणि फोटो तेव्हा करायचे. पाचांपैकी एक विद्यार्थ्यांचं, एक संग्रहातलं, निदान एक बाहेरच्या पाहुण्या अभ्यासकाचं. दर पंधरा दिवसांनी भाड्याने दिलेलं दालन मुंबईला आणखी एक नको. त्या गरजेला जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे.

सार्वजनिक कार्यक्रमांत बहुतेकांना उद्घाटनाचे समईचे फोटो आठवतात. पण माणसं येतात ती वेळेमुळे. डॉ. दादाभाई नौरोजी रस्त्यावरची कार्यालयं सहाला सुटतात आणि दालन पाचला बंद होतं, हे कुठल्या तर्कात बसतं? दुपारी १२ ते रात्री ८, रविवारी उघडं, सोमवारी बंद, असा लेखी आदेश काढावा आणि त्यात कर्मचाऱ्यांची बदली सुट्टी स्पष्ट लिहावी. फाटकावर ओळखपत्र मागणारी वही असेल तर निम्मे लोक तिथूनच परततात. रस्त्यावरून दिसणारी पाटी आणि फाटकातून दालनापर्यंत बाण, हा खर्च जाहिरातीआधी करावा.

शाळांसाठी आपल्याकडे तयार वाट आहे. कला संचालनालय दर वर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा घेतं. त्या मुलांपैकी किती जणांनी मूळ चित्र हातभर अंतरावरून पाहिलं आहे? शाळांना पत्र जूनमध्ये जावं, कारण सहलींचं नियोजन तेव्हाच होतं. फेब्रुवारीनंतर शाळा येत नाहीत. एका वेळी २५ मुलं, ४० मिनिटं, पाचच चित्रं. दोनशे मुलांची रांग दालनातून फिरवली की पटावर आकडा येतो आणि मुलांना समोरच्या मुलाचं दप्तर दिसतं. आधीच्या शनिवारी चित्रकला शिक्षकांना बोलावून दालन दाखवावं. आणि स्वच्छतागृह व बस उभी करायची जागा कळवल्याशिवाय कुठलेही मुख्याध्यापक होकार देत नाहीत.

चित्रांशेजारचा मजकूर आधी मराठीत लिहिलेला असावा. इंग्रजीवरून घाईने उतरवलेला लगेच ओळखू येतो. ७० शब्दांच्या आत, १८ पॉइंटच्या खाली नाही, आणि ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर, कारण वेलांट्या-रफार वरच्या ओळीला भिडतात. युनिकोड मजकूर छापणाऱ्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की जोडाक्षरं सुटतात, म्हणून छापील प्रूफ पाहिल्याशिवाय फोमबोर्डवर चढवू नये.

एक अवघड गोष्टही लिहायलाच हवी. २००७ साली बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवरून बाहेरचे लोक आत शिरले, विद्यार्थ्याला अटक झाली आणि प्रभारी अधिष्ठाते निलंबित झाले. परीक्षेची मांडणी आणि जनतेसाठीचं प्रदर्शन यांतला फरक, कामं निवडणाऱ्या समितीचे अधिकार, तक्रार कुणाकडे आणि किती दिवसांत, आणि पोलिसांशी कुणी बोलायचं, हे नियम दालन उघडण्याआधी विद्यापीठाने ठरवून भिंतीवर लावावेत. असं धोरण नसलं की प्रत्येक अभिरक्षक स्वतःच्या नोकरीच्या भीतीने चित्रं निवडतो.

चार पदांचा प्रस्ताव, स्थायी अग्रिम आणि पाच वर्षांचा आवर्ती निधी यांची मंजुरी बांधकामाच्या प्रशासकीय मान्यतेसोबतच, एकाच शासन निर्णयात व्हावी, ही विनंती. नकाशा अंतिम होण्याआधी ट्रॅक, भिंत आणि साठवण-खोलीबाबत बांधकाम विभागाच्या अभियंत्यांसोबत बसायला आम्ही विनामोबदला तयार आहोत.

आपले,
कलादालनांत मांडणी, जतन, प्रकाशयोजना आणि शालेय उपक्रमांचं काम करणारे
मुंबई

प्रत माहितीसाठी :
१. मा. कुलगुरू, सर जे. जे. अभिमत विद्यापीठ
२. मा. कला संचालक, महाराष्ट्र राज्य
३. मा. मुख्य अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, मुंबई