ताई, ती फाईल आता २४० ओळींची आहे

कुंडई, गोवा

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझी ११०० ओळींची मेकची फाईल २४० ओळींवर आली ती तुमच्यामुळे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे रे, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. दोनदा झालं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. नाव घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. फोंड्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आमची कंपनी लहान. पंपांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे कंट्रोलर बनवतो, आत सी भाषेतलं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम, असतो. अकरा प्रोजेक्ट आणि अकरा मेकफाईली. मेकफाईल म्हणजे कुठल्या फाईलींवरून काय आणि कसं बनवायचं, हे 'मेक' या प्रोग्रॅमला सांगणारी फाईल. पहिली कोणी लिहिली हे कोणालाच आठवत नव्हतं. नवं काम आलं की जुन्याची मेकफाईल उचलायची, नावं बदलायची, चालली की हात झटकायचे. कंपायलरचा (सी कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमचा) एखादा फ्लॅग, म्हणजे त्याला द्यायची सूचना, बदलायचा ठरला की सात ठिकाणी बदलायचा आणि चार ठिकाणी राहून जायचा. त्याची आम्हाला सवय झाली होती.

मग ती हेडरची भानगड झाली. हेडर म्हणजे अनेक सी फाईली वाचतात ती सामाईक व्याख्यांची फाईल. चूक माझीच होती. हेडरातल्या एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे माहितीच्या ठरलेल्या मांडणीत, मी मधोमध एक नवं फील्ड घातलं. मेक शेवटी बघतो काय, तर फाईलींची वेळ: जी बनवायची ती जुनी आणि ज्यावरून बनते ती नवी असेल, तर पुन्हा बनव. पण आमच्या मेकफाईलीत हेडरचा उल्लेखच नव्हता. न सांगितलेलं तो बघणार कुठून? मी हात लावलेली एक सी फाईल नव्याने कंपाईल झाली, बाकीच्यांच्या ऑब्जेक्ट फाईली (कंपाईल होऊन बनलेले तुकडे) जुन्याच राहिल्या. एकीच्या मते दाबाची मर्यादा आठव्या बाइटपासून सुरू, दुसरीच्या मते बाराव्या. ते तुकडे जोडणाऱ्या लिंकरने चकार शब्द काढला नाही. टेबलावरचा पंप दर चार सेकंदांनी चालू-बंद, चालू-बंद. दोन दिवस आम्ही बिचाऱ्या रिलेला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी कोणीतरी 'क्लीन' करून, म्हणजे आधी बनलेलं सगळं पुसून, पुन्हा बिल्ड केलं आणि सगळं सुरळीत. का सुरळीत झालं ते कळलं नाही, आणि मला झोप येईना ती त्यामुळेच.

तेव्हा ठरवलं, सगळ्यांसाठी एकच मेक लायब्ररी लिहायची. पावसाळ्याचे तीन महिने रात्री बसून लिहिली. ११०० ओळी. त्यात 'डिफाईन'चे साचे, साच्यांत 'फॉरईच', त्यांना 'कॉल' आणि वरून 'इव्हॅल', सगळी मेकचीच हत्यारं. साचा आधी एकदा उलगडतो आणि इव्हॅलमध्ये पुन्हा एकदा, म्हणून प्रत्येक $ (मेकमध्ये 'इथे किंमत घाल' अशी खूण) दोनदा लिहायचा. साच्यात साचा असेल तर चारदा. अशा $$$$ ओळी लिहिताना मला काय आनंद व्हायचा, आता सांगायलाही लाज वाटते. चालत होतं मात्र सगळं.

चतुर्थी आली. आमच्याकडे नाताळात आम्ही ख्रिस्ती सहकाऱ्यांची कामं सांभाळतो आणि चतुर्थीला ते आमची, तसा माझा सहकारी एकटा ऑफिसात. मी सत्तरी तालुक्यात, मूळ घरी, शिडीवर चढून माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधतोय. एका हातात सुपाऱ्यांचा घोस, दुसऱ्या हातात सुंभ. फोन वाजला. बिल्ड होत नाही. घरात रेंज नाही म्हणून काजूची टेकडी चढलो आणि तिथून तासभर त्याला ही ओळ वाच, ती ओळ वाच करत राहिलो. खाली आरतीसाठी सगळे खोळंबले होते. मी साच्यांत शोधत होतो आणि कारण निघालं भलतंच. त्याने नव्या फोल्डरचं नाव दोन शब्दांत ठेवलं होतं, मधे मोकळी जागा. मेकला मोकळी जागा म्हणजे एक नाव संपलं, दुसरं सुरू. लायब्ररी स्वतःचा पत्ता शोधताना नावाचा अर्धा भागच पकडत होती, आणि त्या अर्ध्या नावाची फाईल जगात कुठेच नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी मावशीने मला तुमच्याकडे पाठवलं. "आमच्या शेजारची ताई आयुष्यभर हेच करते" एवढीच ओळख. मला वाटलं होतं, तुमच्याकडे एखादी तयार फाईल असेल, ती द्याल, चहा होईल, संध्याकाळच्या बसने परत. तुम्ही लॅपटॉप मांडीवर घेतलात आणि चाळीस मिनिटं एक अक्षर बोलला नाहीत. बाहेर पाववाला पोदेर हॉर्न वाजवत आला, तुम्ही पाव घेतलेत, परत येऊन बसलात. मग म्हणालात, "चालतं हे. पण तू रजेवर असताना दुरुस्त कोण करणार?" आणि लगेच, "एवढे डॉलर तर कळंगुटच्या किनाऱ्यावर पण दिसत नाहीत रे."

खरं सांगतो, ताई, राग आला होता. तयार फाईल तर मिळाली नाहीच, वर 'डॉलरवाला' हे नाव चिकटलं.

त्या दिवशी तुम्ही एकच गोष्ट दाखवलीत. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोग्रॅमची स्वतःची मेकफाईल कित्येकदा दोन-तीन ओळींचीच असते: प्रोग्रॅमचं नाव, आणि खाली सामाईक फाईल इन्क्लूड, म्हणजे ती इथे ओढून घे. बाकीचं सगळं त्या सामाईक फाईलीत. "वरून बघ," तुम्ही म्हणालात. "अकरा प्रोजेक्टांच्या माणसाला काय लिहावं लागलं पाहिजे, ते आधी कागदावर लिही. मग त्याच्या खाली काय लागतं ते बघू." मी लिहिलं: प्रोजेक्टचं नाव, सी फाईलींची यादी, कुठला प्रोसेसर, लायब्ररी कुठे आहे, आणि इन्क्लूड. एक जास्तीची धरून सहा ओळी झाल्या. मी तीन महिने उलट्या टोकाकडून बांधत आलो होतो, हे त्या कागदावर दिसलं.

पुढचे चार रविवार आपण काढून टाकण्यातच घालवले. आमच्या एका प्रोजेक्टमधून एकच प्रोग्रॅम निघतो. मग साचे कशाला? साधा पॅटर्न रूल पुरतो: कुठलीही सी फाईल घे, तिची ऑब्जेक्ट बनव. साचे गेले तसे इव्हॅल गेले, डॉलर निम्मे झाले. एकाच प्रोजेक्टला लागणाऱ्या गोष्टी तुम्ही त्याच्या त्याच्या घरी धाडल्यात. "दोघांनी मागितलं तर लायब्ररीत. एकाने मागितलं तर त्याच्या स्वयंपाकघरात."

व्हेरिएबलला किंमत देणाऱ्या = आणि := यांतला फरक मी पुस्तकात चार वेळा वाचला होता. तुम्ही म्हणालात, "= म्हणजे उधारी, := म्हणजे रोख." उधारीत किंमत मागायच्या वेळी ठरते आणि तोवर बाजार बदललेला असतो. माझी लायब्ररी स्वतःची जागा शोधायची ती मेकच्या यादीवरून. मेक वाचेल त्या प्रत्येक मेकफाईलीचं नाव त्या यादीत शेवटी जोडत जातो, आणि यादीतलं शेवटचं नाव म्हणजे 'मी'. पण मी ती ओळ लिहिली होती उधारीत, आणि तीही दुसऱ्या दोन फाईली इन्क्लूड केल्यानंतर. 'मी' म्हणून भलत्याच फाईलीचं नाव यायचं. ती ओळ सगळ्यात वर नेली, रोख केली. मोकळ्या जागेचा प्रश्न मात्र तसाच आहे, तो मेकचा स्वभावच. आता लायब्ररी सुरुवातीलाच नाव तपासते आणि 'फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको' असं सरळ मराठीत सांगून थांबते. माटोळीच्या दिवशी एवढं एक वाक्य छापून आलं असतं, तर मी टेकडी चढलो नसतो.

बिल्डच्या फोल्डरचं तर हसूच येतं. सगळ्या ऑब्जेक्ट फाईली त्या फोल्डरवर अवलंबून, असं मी लिहिलं होतं. फोल्डरात नवी फाईल पडली की फोल्डरची वेळ बदलते, मग ऑब्जेक्ट जुन्या ठरतात आणि दर वेळी उगाचच पुन्हा कंपाईल. उपाय एका उभ्या दांडीचा. दांडीच्या उजवीकडे लिहिलेलं फक्त 'आहे की नाही' एवढंच बघितलं जातं, वेळ बघत नाहीत. "कपाट आहे ना, एवढंच बघायचं," तुम्ही म्हणालात. "काल त्यात कोणी साडी ठेवली म्हणून घरातले सगळे कपडे पुन्हा धुवायचे नसतात." हे मी आता नव्या पोरांना शिकवतो, साडीसकट. श्रेय तुमचं असतं, पण सांगत नाही.

हेडरचा प्रश्न कंपायलरच सोडवतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो: जीसीसी या कंपायलरला '-एमएमडी' आणि '-एमपी' हे दोन फ्लॅग द्या. कंपाईल करता करताच तो प्रत्येक सी फाईलीने कुठले हेडर वाचले त्याची यादी लिहून ठेवतो. ती यादी पुढच्या वेळी मेकमध्ये इन्क्लूड करायची, पण इन्क्लूडच्या आधी उणे चिन्ह लावून, कारण पहिल्या बिल्डला यादी नसतेच. दुसरा फ्लॅग कशाला, तर उद्या एखादं हेडर काढून टाकलंत तर मेक त्याच्या नावाने रडत बसू नये म्हणून. इतकंच. आमचे ते दोन दिवस आणि रिलेची बदनामी, दोन फ्लॅगांवारी टळली असती.

सीफ्लॅग्ज, म्हणजे कंपायलरचे फ्लॅग ठेवायचं व्हेरिएबल, त्यावरून मात्र आपला वाद झाला. मी हेडरचे पत्ते त्यातच भरले होते. तुम्ही काही न बोलता कमांडवर सीफ्लॅग्जला फक्त '-ओ०' देऊन मेक चालवलात, आणि सगळे पत्ते गायब. कमांडवर दिलेली किंमत मेकफाईलीतल्या किमतीवर मात करते, आत += लिहून कितीही जोडा, उपयोग नाही. आपला मेक ज्यांचा, त्या जीएनयू प्रकल्पाच्या संकेतातही ते नाव वापरणाऱ्याचं आहे, लायब्ररीचं नाही. आपलं जे आहे ते वेगळ्या नावाने ठेवायचं. पाहुण्याच्या खोलीत आपल्या गोण्या ठेवू नयेत, तसं.

टॅबचा किस्सा तुम्ही भजी तळताना सांगितलात. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिला. कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, ही खोड काही आठवड्यांतच त्यांना खुपायला लागली होती. पण तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते, मित्रच बहुतेक, त्यांचं मोडायला नको म्हणून राहू दिलं. पुढे २००३ साली त्यांना याच मेकसाठी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. डझनभर माणसांच्या भिडेखातर आपण अजून टॅब दाबतोय! तुम्ही यावर हसलात आणि मग गंभीर होऊन म्हणालात, "तुझे अकरा प्रोजेक्ट म्हणजे तुझा डझन. काय ठेवायचं ते आत्ताच ठरव."

म्हणून आता लायब्ररी प्रत्येक प्रोजेक्टात गिट सबमॉड्यूल (प्रोजेक्टाला जोडलेला स्वतंत्र कोडसाठा) म्हणून बसते, ठरावीक आवृत्तीवर. मी काही बदललं तरी ज्याचं त्याने ठरवल्याशिवाय त्याच्याकडे जात नाही.

मॅकचंही सांगायचं राहिलं. तिथे ॲपल अजून जीएनयू मेक ३.८१ देतं, २००६ सालचा. मी '४.०'मध्ये आलेलं 'फाईल' हे फंक्शन वापरलं होतं. जुना मेक अनोळखी फंक्शनला व्हेरिएबल समजतो, त्याची किंमत रिकामी, आणि गप्प पुढे जातो. एरर नाही, काही नाही. आता आवृत्ती पहिल्या चार ओळींतच तपासली जाते.

सीमेक, म्हणजे मेकफाईली आपणहून तयार करणारं साधन, का नाही, असं कंपनीत अजून विचारतात. मोठ्या कामांना घ्यावं की, आमच्या अकरा छोट्या फर्मवेअरना हे पुरतं. एवढंच उत्तर देतो.

गेल्या महिन्यात डिचोलीचा एक मुलगा इंटर्न म्हणून आला. बारावा प्रोजेक्ट त्याने सुरू केला, मेकफाईल सहा ओळींची. मी दोन दिवस वेर्ण्याला होतो. परत आलो तर त्याने लायब्ररीतली एक चूक दुरुस्त करून ठेवलेली. 'क्लीन'ला फोनी, म्हणजे 'ही फाईल नव्हे, नुसतं कामाचं नाव', म्हणायचं मी विसरलो होतो आणि कोणीतरी 'क्लीन' नावाचं फोल्डर बनवलं होतं, त्यामुळे मेक म्हणत होता की सगळं ताजं आहे, करण्यासारखं काही नाही. त्याला विचारलं, कसं सापडलं? त्याला प्रश्नच कळला नाही. "फाईल उघडून वाचली," म्हणाला.

माझी ११०० ओळींची फाईल कोणी कधी उघडून वाचली नव्हती, ताई. मी सोडून. आभार त्याबद्दल आहेत.

एक $$ अजून शिल्लक आहे, हेक्स फाईलीचा आकार छापणाऱ्या ओळीत. तो कमांड चालवणाऱ्या शेलच्या व्हेरिएबलसाठी आहे, तिथे लागतोच, असं माझं म्हणणं. तुमचं काय म्हणणं येईल ते मला माहीत आहे. या रविवारी येतो, पाव मी घेऊन येईन.

देव बरें करूं.

आपला,
डॉलरवाला