कोर्दोबा (स्पेन) मुक्काम: मंगळवारची सूचना

मंडळी, सोमवारी इथली बरीच संग्रहालयं, यहुदी मोहल्ल्यातलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) आणि मदिना असाहरा या जुन्या शहराचे अवशेषही बंद असतात, म्हणून पाहणी मंगळवारी ठेवली आहे. सकाळी ९.१५ ला हॉटेलच्या दारात जमायचं. मेस्कीताची तिकिटं १० वाजताची आहेत, कुणासाठीही थांबणार नाही.

मेस्कीता: ७८५ मध्ये सुरू झालेली मशीद, पोटात सोळाव्या शतकात घुसवलेलं कॅथेड्रल. आत ८५० हून अधिक खांब, वर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. घाईने फोटो काढत सुटू नका. बरेच खांब जुन्या रोमन इमारतींमधून उचललेले असल्याने एकसारखे नाहीत. दोन-चार शेजारचे नीट बघा, दगड वेगळा, माथाही वेगळा. माझ्या मते पूर्ण सहलीतली हीच जागा सावकाश बघायची.

- आजही हे चर्चच आहे. टोप्या काढा, आवाज हळू.
- अंगणातली संत्री तोडू नयेत. कडूच असतात म्हणा!
- पाठपिशवी पुढे घ्या.

मग १३१५ चं सिनेगॉग. खोली लहान, दहा-दहाच्या गटाने आत जाऊ. भिंतीवरच्या चुनेगच्चीतली हिब्रू अक्षरं चुकवू नका. रोमन पूल संध्याकाळी, जमेल तसा.

जेवणानंतर बसने मदिना असाहरा, दहाव्या शतकातला खलिफा तिसरा अब्द अल-रहमान याची राजधानी. सावली नाही, पाणी जवळ ठेवा.

शाकाहारी मंडळींनो, साल्मोरेखो म्हणजे टोमॅटोचं गार सूप, पण वर हॅमचे तुकडे भुरभुरतात. मागवतानाच ‘सिन हामोन’ सांगा.

गुडघेदुखीवाल्यांनी आज रात्रीपर्यंत मला कळवावं.